डब्यावरचे २००० टक्के

मावशीचे गुडघे दुखतात. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि भाजी आणायला स्वतःच जायचा हट्ट. मागच्या वेळी सांगलीला गेले तेव्हा तिने कपाटातून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. हळदीच्या कॅप्सूल होत्या. "शेजारच्या वहिनींनी सांगितलं म्हणून आणल्या. तू एवढं वाचत असतेस, जरा बघ ना गं, खरंच गुण येतो का. महिन्याला बाराशे रुपये म्हणजे काही थोडे नाहीत."

डब्यावर ठळक अक्षरांत दोन ओळी होत्या. मिरीच्या अर्कामुळे शोषण २००० टक्के जास्त. संशोधनाने सिद्ध.

हरिपूरच्या पेवांतून निघणाऱ्या हळदीच्या वासात वाढलेल्या बाईला हळद वाईट असं मी सांगणार नव्हते, आणि वाचल्याशिवाय चांगली असंही सांगणार नव्हते. "संशोधनाने सिद्ध" असं जिथे जिथे लिहिलेलं असतं, त्यामागे एक पत्ता असतो: कोणी, कधी, किती माणसांवर, नेमकं काय मोजलं. त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे. त्याला पदवी लागत नाही. दोन-तीन संध्याकाळी लागतात, फोन किंवा लॅपटॉप लागतो आणि एक वही लागते.

प्रश्न बारीक करायचा

"हळदीचे फायदे" असं टाइप केलं की फायदेच समोर येतात. सर्च इंजिन तुमच्या शब्दांशी जुळणारी पानं आणून देतं. तुम्ही फायदे मागितले, ते फायदे देतं. त्यातली पाच-सहा पानं शेजारी शेजारी उघडून बघा. वाक्यंच्या वाक्यं तीच असतात, कधी कधी शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. एकाच मजकुराच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

वैद्यकीय संशोधक प्रश्नाचे चार तुकडे करतात: कोणाला, काय दिलं, कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम मोजला. ही पद्धत औषधांपुरतीच नाही. शेतीच्या खतापासून शाळेतल्या शिकवण्याच्या पद्धतीपर्यंत कुठेही चालते. मावशीचा प्रश्न मी वहीत असा लिहिला: गुडघ्याची झीज झालेल्या, साठी ओलांडलेल्या माणसांना हळदीचा अर्क दिला, तर औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या किंवा नेहमीच्या वेदनाशामकाच्या तुलनेत, दोन-तीन महिन्यांत दुखणं कमी होतं का?

हे लिहिताना पहिली अडचण समोर आली. "हळद" म्हणजे नक्की काय? आपण फोडणीत घालतो ती पूड वेगळी, कॅप्सूलमधला अर्क वेगळा, आणि प्रयोगशाळेत वापरतात ते शुद्ध कर्क्युमिन वेगळं. कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य. साध्या हळदपुडीत ते वजनाच्या साधारण ३ टक्के असतं. वर्ध्याजवळच्या वायगावची हळद जास्त कर्क्युमिनसाठी नावाजलेली आहे, तरी तीही काही टक्क्यांचीच गोष्ट. एका छोट्या चमच्यात ३ ग्रॅम पूड धरली तर कर्क्युमिन होतं ९० मिलिग्रॅमच्या आसपास. मावशीच्या एका कॅप्सूलवर ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. म्हणजे "आपण पिढ्यान्पिढ्या हळद खातोच की" हा युक्तिवाद कॅप्सूलला लागू होत नाही, आणि कॅप्सूलवरचं संशोधन दुधात हळद घालून पिणाऱ्याला लागू होत नाही. बाजारातल्या निम्म्या जाहिराती नेमक्या या फटीत उभ्या असतात.

मग शब्दांची यादी केली. हळद, हरिद्रा, टर्मरिक, कर्क्युमिन, आणि वनस्पतिशास्त्रातलं नाव कर्क्युमा लोंगा. गुडघेदुखीसाठी ऑस्टिओआर्थ्रायटिस. शोधनिबंध बहुतेक इंग्रजीत असल्यामुळे हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकावे लागतात, पण यादी आधी डोक्यात आपल्या भाषेत तयार झाली की सोपं जातं. ही यादी कंटाळवाणी वाटते, पण तिचा उपयोग मला लगेच कळला. थायलंडमधल्या संशोधकांनी केलेला एक मोठा अभ्यास "कर्क्युमा डोमेस्टिका" या दुसऱ्या नावाने छापलेला आहे. ज्याने फक्त टर्मरिक शोधलं त्याच्या हातून तो निसटू शकतो.

सर्च करताना दोन-तीन साध्या खुणा कामाला येतात. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाकायचा. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावायचं. मी "रेसिपी" हा शब्द असा उणे केला तेव्हा अर्धा कचरा गेला. आणि फायदे हा शब्द काढून टाकायचा, त्याच्या जागी परिणाम हा शब्द घालायचा. एवढ्यानेही समोर येणारी पानं बदलतात.

शोधायचं कुठे

नेहमीचं गूगल ओळख करून घ्यायला चांगलं आहे. विकिपीडियाही चांगला आहे, पण तिथे मजकुरापेक्षा तळाची संदर्भांची यादी मोलाची. खरं काम गूगल स्कॉलरवर सुरू होतं. २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा फक्त अभ्यासपूर्ण लेखनात शोधते. आरोग्याच्या प्रश्नासाठी त्याहून नेमकं ठिकाण म्हणजे पबमेड, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची फुकट सूची. तिथे डाव्या बाजूला गाळण्या असतात: फक्त माणसांवरच्या चाचण्या दाखवा, फक्त आढावे दाखवा. आढावा म्हणजे एका प्रश्नावर झालेले सगळे अभ्यास गोळा करून, तपासून, एकत्र मांडलेला निबंध. कॉक्रेन ही संस्था असे आढावे करण्यासाठीच ओळखली जाते आणि प्रत्येक आढाव्याचा साध्या भाषेतला सारांश ती सगळ्यांना खुला ठेवते. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध हवे असतील तर शोधगंगा आहे. मराठी साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, शेती यांवर काही शोधत असाल तर शोधगंगेवर मराठीत लिहिलेले प्रबंधही सापडतात, आणि फार थोड्या लोकांना हे माहीत असतं याचं मला वाईट वाटतं.

एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायची एक पद्धत मला फार आवडते. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासाचे पीएचडीधारक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी ते पान वरून खाली वाचत बसले आणि नीटनेटक्या मांडणीला, भारदस्त नावाला फसले. तथ्यतपासनीस काही क्षणांत त्या पानावरून बाहेर पडले, दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. स्थळ बघायला गेल्यावर मुलाकडच्यांनी दिलेल्या माहितीपत्रकावर आपण थांबतो का? चाळीत, ऑफिसात, गावात चौकशी करतोच ना. तेच इथे करायचं.

जुनं संशोधन शोधायचा कंटाळा करू नये, हे सांगायला हळदीइतकं चांगलं उदाहरण नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, क्रमांक ५४०१५०४. आपल्याकडे कोणत्याही आजीला विचारलं तर ती हसली असती. पण पेटंट कार्यालयापुढे आजीचं बोलणं चालत नाही, छापील पुरावा लागतो. गोव्यातल्या माशेलला जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. सीएसआयआरने हे पेटंट आव्हानासाठी उचललं आणि ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दूतले जुने ग्रंथ होते, आणि जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशनमध्ये १९५३ साली छापलेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरलं. कोर्टातल्या भाषणांनी हे झालं नाही. कोणीतरी ग्रंथालयात बसून धुळीतली पानं उलटली म्हणून झालं. मला हा प्रसंग आठवला की संदर्भ शोधण्याच्या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

आकड्याचा माग काढत

आता डब्यावरचे २००० टक्के. हा आकडा अवतरणचिन्हांत घालून, सोबत कर्क्युमिन आणि मिरीतलं द्रव्य पायपेरिन असे शब्द टाकून शोधला. शेकडो पानांवर तोच आकडा. एकेका पानाच्या तळाशी जाऊन त्यांनी कोणाचा हवाला दिलाय ते बघत गेले. एक पान दुसऱ्या पानाकडे बोट दाखवतं, दुसरं एका आढाव्याकडे, आढावा एका मूळ निबंधाकडे. चार-पाच पायऱ्या उतरल्यावर सगळे रस्ते एकाच ठिकाणी पोचले: बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांचा, प्लांटा मेडिका या नियतकालिकातला १९९८ चा निबंध. या मागे मागे जाण्याला संदर्भांचा माग काढणं म्हणतात, आणि सगळ्या शोधप्रक्रियेत मला सगळ्यात जास्त आनंद यातच मिळतो.

त्या निबंधाच्या गोषवाऱ्यातच सगळं लिहिलेलं आहे. निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन एकटं दिलं तेव्हा रक्तात ते एक तर सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य सापडलं. सोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं तेव्हा पाव तासापासून तासाभरापर्यंत ते बऱ्याच जास्त प्रमाणात दिसलं, आणि ही वाढ २००० टक्के भरली. उंदरांमध्ये हीच वाढ १५४ टक्के होती.

आता हे सावकाश वाचू. आकडा खरा आहे, कोणी बनवलेला नाही. पण ही वाढ कशाच्या वीस पट? जवळजवळ शून्याच्या. एका थेंबात वीस थेंबांची भर पडली तर एकवीस थेंब होतात, त्यांनी चहाचा चमचाही भरत नाही. दुसरं, ही माणसं निरोगी होती, गुडघेदुखीची नव्हती. तिसरं, मोजलं ते रक्तातलं प्रमाण. दुखणं मोजलंच नाही, कारण त्या संशोधकांचा प्रश्न तो नव्हताच. त्यांनी आपल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलं. ते उत्तर उचलून दुसऱ्याच प्रश्नाखाली चिकटवलं ते डबा छापणाऱ्यांनी.

चौथी एक गोष्ट त्याच निबंधाच्या सुरुवातीला होती, ती मी वहीत लिहिली आणि पुढे गेले. पायपेरिन ही किमया करतं कशी? बाहेरून आलेली द्रव्यं बांधून शरीराबाहेर टाकायची यकृतात आणि आतड्यात एक व्यवस्था असते. पायपेरिन ती व्यवस्था मंद करतं, म्हणून कर्क्युमिन रक्तात टिकतं.

मागे जाता येतं तसं पुढेही जाता येतं. गूगल स्कॉलरवर प्रत्येक निबंधाखाली तो किती जणांनी संदर्भ म्हणून घेतला याचा आकडा असतो; त्यावर टिचकी मारली की त्यानंतरचं संशोधन उलगडतं. असं पुढे जाताना २०१७ चा एक आढावा भेटला, जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमधला. लेखकांचं म्हणणं कडक आहे: कर्क्युमिन अस्थिर आहे, शरीरात नीट शोषलं जात नाही, १२० हून जास्त चाचण्या झाल्या तरी दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून दिखाऊ गोळीशी तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी म्हणता येत नाही. त्यांनी एक तांत्रिक गोष्टही दाखवून दिली. कर्क्युमिन स्वतःच प्रकाशाखाली चमकतं आणि भेटेल त्या प्रथिनाशी चिकटतं, त्यामुळे परीक्षानळीतल्या चाचण्यांमध्ये ते "काम करतंय" असा भास होतो. या आढाव्यावर आक्षेप घेणारेही पुढे आले. दोन्ही बाजू वाचाव्यात. आणि एखाद्या विषयात एकमत नाही हे कळणं, हीसुद्धा माहितीच आहे.

निबंध वाचायचा कसा

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा नाही. आधी गोषवारा, मग थेट पद्धतीचा भाग, मग तक्ते, मग लेखकांनी कबूल केलेल्या मर्यादा, आणि शेवटी पैसे कोणी दिले ती ओळ. निष्कर्ष मी सगळ्यात शेवटी वाचते, म्हणजे लेखकाचा उत्साह माझ्यावर आधीच चढत नाही.

पद्धतीच्या भागात पाहायचं की अभ्यास कशावर झाला. परीक्षानळीतल्या पेशींवरचा निकाल म्हणजे शक्यता. उंदरांवरचा निकाल म्हणजे थोडी जास्त शक्यता. माणसांवर, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली गोळी देऊन, कोणाला काय मिळालं हे रोगी आणि डॉक्टर दोघांनाही कळू न देता केलेला अभ्यास असेल, तर कान टवकारायचे. गुडघेदुखीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. दुखणं कमी-जास्त होत असतं, आणि माणूस औषध सुरू करतो तेव्हा ते शिगेला पोचलेलं असतं. काहीही केलं नाही तरी पुढच्या महिन्यात थोडा उतार पडतोच. त्याचं श्रेय हातातल्या डब्याला जातं.

तो थायलंडचा अभ्यास घ्या. २०१४ मध्ये छापलेला, ३६७ रुग्ण. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, दुसऱ्याला १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे नेहमीचं वेदनाशामक. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं, आणि पोटाच्या तक्रारी आयबुप्रोफेनच्या गटात जास्त होत्या. वाचून बरं वाटतं. पण यात दिखाऊ गोळीचा तिसरा गट नाही, आणि चार आठवडे म्हणजे वर्षानुवर्षांच्या दुखण्यात फार थोडा काळ.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाचा, २०२० चा, ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये आलेला. ७० माणसं, सगळ्यांच्या गुडघ्याला झीज आणि सूज. १२ आठवडे अर्धे हळदीच्या अर्कावर, अर्धे दिखाऊ गोळीवर. दुखणं मोजायला १०० मिलिमीटरची रेघ: डाव्या टोकाला अजिबात दुखत नाही, उजव्या टोकाला सहन होत नाही, मध्ये रुग्णाने खूण करायची. निकाल असा की हळदीच्या गटाचं दुखणं दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा ९.१ मिलिमीटरने जास्त कमी झालं. आकड्याशेजारी कंसात आणखी दोन आकडे होते, १७.८ आणि ०.४. बहुतेक वाचक ते सोडून देतात. त्यांचा ढोबळ अर्थ असा: ७० माणसांच्या या छोट्या नमुन्यावरून खरा फरक नेमका किती ते सांगता येत नाही, तो १७.८ मिलिमीटरइतका चांगला असू शकेल किंवा ०.४ मिलिमीटरइतका नगण्यही.

मी घरातली शाळेची पट्टी घेतली आणि कागदावर दहा सेंटिमीटरची रेघ ओढली. ९ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. ०.४ मिलिमीटर म्हणजे पेन्सिलच्या रेघेची जाडी. मावशीला नंतर हीच रेघ दाखवली तेव्हा तिला मी न सांगताच कळलं.

गुडघ्यातली सूज मात्र एमआरआयमध्ये दोन्ही गटांत सारखीच राहिली. आणि पैसे देणाऱ्यांत विद्यापीठाबरोबर अर्क बनवणारी कंपनीही होती. यात काही लपवलेलं नाही, निबंधातच लिहिलं आहे, आणि तेवढ्याने निकाल खोटा ठरत नाही. पण स्वतंत्र पैशावर, जास्त माणसांवर तोच निकाल पुन्हा आला तर भरवसा वाढेल, एवढी नोंद वहीत जाते.

दोन तपासण्या आणखी कराव्यात. निबंध मागे घेतला गेला आहे का ते पबमेडवर नावाच्या वरच लाल पट्टीत दिसतं. कर्क्युमिनच्या क्षेत्रात हे विशेष बघावं लागतं, कारण अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या संशोधकाचे डझनाहून जास्त निबंध चित्रांतल्या गडबडींमुळे मागे घेतले गेले आहेत, आणि तरी आजही लोक त्यांचे हवाले देतात. दुसरी तपासणी नोंदणीची. भारतात माणसांवरच्या चाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००७ पासून होते आणि २००९ पासून ती सक्तीची आहे. चाचणी सुरू करण्याआधी आपण काय मोजणार ते संशोधकाला तिथे लिहावं लागतं. निबंधात वेगळंच काही मोजून "यश" सांगितलं असेल तर नोंदवहीतून ते उघडं पडतं. ही नोंदवही कोणालाही उघडता येते.

पैशाची भिंत आणि एआय

निबंध उघडायला गेलं की अनेकदा तीन-चार हजार रुपये मागतात. लगेच हार मानू नये. गूगल स्कॉलरवर त्याच निबंधाच्या इतर आवृत्त्यांची कडी असते, तिथे बऱ्याचदा विद्यापीठाने ठेवलेली फुकट प्रत मिळते. पबमेड सेंट्रलवर लाखो निबंध पूर्ण खुले आहेत. लेखकाला दोन ओळींची ईमेल पाठवली तर बहुतेक संशोधक आनंदाने प्रत पाठवतात. आपलं काम कोणीतरी वाचतंय याचं त्यांनाही अप्रूप असतं. घरात कोणी सरकारी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत असेल तर जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेत त्यांच्या संस्थेला हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. त्यांना विचारा.

एआयला विचारलं तर? शब्दांची यादी करायला, अवघड परिच्छेद समजून घ्यायला मी ते वापरते. संदर्भ मात्र त्याच्याकडून तसेच घेत नाही. लेखक, साल, नियतकालिक, सगळं पटेल असं जुळवून ते कधी कधी अस्तित्वातच नसलेला निबंध समोर ठेवतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले खरे समजून दाखल केले आणि त्यांना ५००० डॉलरचा दंड झाला. आजच्या बहुतेक निबंधांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. तो टाकून निबंध उघडला, नाव आणि मजकूर जुळला, तरच तो माझ्या वहीत जातो.

वहीचं असं: तारीख, कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, काय मिळालं आणि काय मिळालं नाही. चौथ्या दिवशी तेच शब्द पुन्हा टाकायची वेळ येते तेव्हा वही वाचवते. थांबायचं कधी, तेही वहीच सांगते. नवा निबंध उघडावा आणि त्याच्या संदर्भयादीतली बहुतेक नावं आपल्या वहीत आधीच असावीत, असं सलग तीन-चारदा झालं की तळ लागत आला असं समजावं.

उलट बाजूने

शेवटच्या संध्याकाळी मी स्वतःविरुद्ध शोधलं. हे मुद्दाम करावं लागतं. हळद आणि अपाय, हळद आणि यकृत, हळद आणि औषधं. बांगलादेशात हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून शिशाचं क्रोमेट मिसळत असत, आणि २०१९ नंतर तिथल्या सरकारने कडक कारवाई केल्यावर बाजारातल्या नमुन्यांतलं ते प्रमाण दोन वर्षांत ४७ टक्क्यांवरून शून्यावर आलं, हे त्यातच वाचलं. अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या जाळ्याने हळदीच्या गोळ्यांशी जोडलेल्या यकृताच्या इजेची दहा प्रकरणं नोंदवली आहेत, त्यांतला एक रुग्ण दगावला. दहा हा आकडा लहान आहे, गोळ्या घेणारे असंख्य आहेत. दोन्ही गोष्टी सोबत लिहिल्या.

मग न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेची, मेडसेफची, २०१८ ची एक सूचना समोर आली. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या एका रुग्णाने हळदीची गोळी सुरू केली आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप; वॉरफरिन घेणाऱ्या बहुतेकांमध्ये तो २ ते ३ च्या आसपास ठेवतात. १० म्हणजे आतल्या आत रक्तस्राव व्हायचा धोका.

वहीतली चौथी नोंद माझ्यासमोर होती. पायपेरिन शरीराची सफाई मंद करतं. मग ती काय फक्त कर्क्युमिनचीच मंद करेल? डब्यावर मिरवलेली ओळ, तीच जपून राहायची ओळ होती.

मी मावशीला फोन लावला आणि औषधांची पाकिटं घेऊन बसायला सांगितलं. ती एकेक नाव वाचत गेली. रक्तदाबाची, थायरॉइडची, आणि मग, "ही छोटी गोळी, झडपेच्या ऑपरेशनपासूनची. हिच्यासाठी दर महिन्याला रक्त द्यायला जाते ना मी."

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन मला ठाऊक होतं. प्रश्नाचे चार तुकडे करताना "कोणाला" या शब्दापुढे मी गुडघे लिहिले, वय लिहिलं, आणि मावशी लिहायची राहिली. अशा चाचण्यांत रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना बहुधा आधीच वगळतात. म्हणजे मी इतके दिवस वाचत होते त्या माणसांमध्ये ती नव्हतीच.

कॅप्सूल त्याच दिवशी बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी ती डबा आणि मेडसेफच्या सूचनेची छापील प्रत घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आयएनआर तपासला, तो थोडा वर होता. आठवड्याने पुन्हा बोलावलं, कॅप्सूल नको म्हणाले, आणि गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

रात्री तिचा फोन आला. "ते सगळं कळलं गं. पण भाजीतली हळद? ती चालेल ना? डॉक्टर म्हणाले नेहमीसारखी घाला, एकदम वाढवू नका. तरी तू एकदा बघ."

मी वहीचं नवं पान काढलं. कोणाला: झडप बदललेल्या, वॉरफरिन घेणाऱ्या माणसांना. काय: रोजच्या स्वयंपाकातली हळद, दिवसाला अर्धा-एक चमचा. कशाच्या तुलनेत: हळद न खाणाऱ्यांच्या. परिणाम: आयएनआर.